चौरस्त्यावरचे कोट

१९६२ साल. माझा दादा यानशेंग उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीवर गेला, त्याला चार वर्षं झाली होती. एक ओळसुद्धा आली नव्हती. सुचिन वहिनी तेव्हा सव्वीस वर्षांची. तिच्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या वान मावशीला आईने दारातूनच हाकललं, "जिवंत माणसाच्या बायकोला नवरा शोधतेस? जीभ झडेल तुझी!" वर्षअखेरच्या जेवणाला वहिनी दादाची वाटी न चुकता मांडायची.

दहाव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे मेलेल्यांसाठी गरम कागदी कपडे जाळतात. कबर असेल तर कबरीवर, कबरीचा पत्ताच नसेल तर चौरस्त्यावर. त्या संध्याकाळी मीठ घेऊन येताना मला चौरस्त्यावर आई आणि वहिनी समोरासमोर दिसल्या. दोघींच्या हातात एकेक निळा कागदी कोट होता.

"कुणासाठी गं?" आईने विचारलं.

"माझ्या बाबांसाठी. आणि तुम्ही?"

"तुझ्या सासऱ्यांसाठी. म्हातारा थंडीने कुरकुरत असेल."

दोघांच्याही कबरी चालत जाण्याइतक्या जवळ, टेकडीवर होत्या.

कोट जळून गेल्यावर आई म्हणाली, "चल. यंदा नववर्षाला येईल तो."

"येतीलच, आई," वहिनी म्हणाली.

आई एकोणऐंशी साली गेली. वहिनी गेल्या थंडीत गेली, दुसरं लग्न न करताच. आता त्या दिवशी दोघींचे कपडे मी टेकडीवर जाळते आणि दादाचा कोट चौरस्त्यावर.


मग घरी येऊन वर्षअखेरीसाठी त्याची वाटी घासून ठेवते.