अख्खा टायगर

"बंद पडलेला टायगर रणगाडा जर्मन उडवूनच जातात. अख्खा दिसला, तर डाव समजा," हवालदारांनी बजावलं होतं.

इटलीतल्या द्राक्षमळ्यात तसाच अख्खा रणगाडा उभा होता. नाईक रखमाजीनं बंदूक रोखून झाकण उचललं. आत पाय चिरडलेला जर्मन होता, शेजारी सुरुंगाची वात. त्यानं ओठांशी हात नेऊन पाणी मागितलं. दुसरी मूठ मात्र मिटलेलीच.

"जवळ बोलावून उडवील आपल्याला," सोबतचा सुभाना पुटपुटला. "चल मागं! तो काय मेहुणा लागतो तुझा?"

रखमाजीनं खुणेनं मूठ उघडायला लावली. आत काडेपेटी होती. गाडीसकट स्वतःला उडवून घे म्हणून साथीदारांनी ती सोडली असणार. पण जर्मनानं काडी ओढली नव्हती. आता त्यानं ती पेटीच पुढे केली.

"आणतो पाणी, देवाशपथ," म्हणत रखमाजी विहिरीकडे निघाला.