नातेवाईक बाहेर

"आधी तुम्ही बाहेर व्हा," डॉक्टर म्हणाली.

थोरली सून जागची हलली नाही. प्लास्टरच्या खोलीच्या दारात ती आडवी उभी होती, तोंडात काहीतरी चघळत. तिच्यापुढे चाकाच्या खुर्चीत तिची सासू, चिमणीएवढी. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत टम्म सुजलेला.

"मी आणलंय म्हातारीला. बाहेर कशाला जाऊ? हात बांधा, मी तिला कायमची माझ्या घरी नेतेय."

"ते मी ठरवीन. इथे पेशंटशी आम्ही एकांतात बोलतो. नातेवाईक बाहेर. मग कोणी का असेना."

"मग हिलाही काढा की!" थोरलीने टेबलापाशी उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांकडे बोट केलं. "हिच्यासमोर म्हातारी तोंड उघडायची नाही."

डॉक्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या सिस्टर म्हातारीच्या धाकट्या सूनबाई, हे खरं. पण हा नियमच मुळी त्यांनी इथे आणलेला. डॉक्टर नवीन असताना एकदा नवऱ्यासमोरच बायकोला विचारून बसली होती, घरी कोणी मारतं का म्हणून. बाई 'नाही' म्हणाली आणि नवऱ्यामागून मुकाट निघून गेली. तेव्हा सिस्टरांनी तिची चांगली खरडपट्टी काढली होती. "मॅडम, कसायासमोर बकरीला विचारतात का, कसं वाटतंय म्हणून?" तेव्हापासून डॉक्टर दार लावून विचारायची, आणि कितीतरी बायका बोलत्या झाल्या होत्या.

"त्या नातेवाईक म्हणून थांबलेल्या नाहीत, सिस्टर म्हणून थांबल्यात," ती म्हणाली. "प्लास्टर घालताना हात धरायला कोणीतरी लागतं. निघा."

थोरली दार आपटून गेली. बया अशी की बघूनच शिसारी यावी.

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "दर रविवारी घेऊन जाते. मी तरी नाही कशी म्हणू? तिचीही सासूच ना. सकाळी मी ड्यूटीला निघाले तेव्हा आई धडधाकट होत्या."

"आणि ती म्हणते, न्यायला गेले तेव्हाच हात लोंबत होता."

"म्हणणारच."

डॉक्टरने म्हातारीची बाही वर सारली, मग पाठीवरचं पातळ बाजूला केलं. काखेजवळ चिमटे काढल्याच्या खुणा. काही निळ्या, काही पिवळ्या पडलेल्या. पाठीवर, कमरेवर, कपड्यांखाली झाकल्या जातील अशाच जागा बरोबर निवडलेल्या. चेहऱ्यावर मात्र ओरखडासुद्धा नाही. कोण ही हलकट जात, जी एवढ्याशा म्हाताऱ्या जिवाला चिमटे काढत बसते? आज ही चुकीच्या हातात गेली, तर पुढच्या खेपेला इथे जिवंत येणार नाही, हे डॉक्टरला लख्ख दिसत होतं.

ती खुर्चीपुढे उकिडवी बसली. "आजी, घाबरू नका. घरी कोणाची भीती वाटते का?"

म्हातारीने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बोला आई. मॅडम आपल्याच आहेत."

खुर्चीखाली थेंब टपकू लागले. म्हातारीला बसल्या जागी लघवी झाली होती. सिस्टरांनी चेहऱ्याची रेषसुद्धा न हलवता कापड आणलं, फरशी पुसली, तिचे पाय पुसले. पोटची पोर करणार नाही हो एवढं.

"थोरली," म्हातारी एकदम म्हणाली. पाठ केलेली कविता म्हणावी तशी एका दमात. "थोरली मारते. हात पिरगाळला. दर रविवारी मारते."

"शाब्बास, आजी. सुटलात तुम्ही."

हात बांधून झाल्यावर डॉक्टर बाहेर गेली आणि चारचौघांसमोर तिने थोरलीला झाडलं. "पुन्हा या बाईच्या आसपास दिसू नका. पोलिसांना मी आत्ता कळवतेय. आजी धाकट्या सूनबाईंकडेच राहतील."

"अहो, नका हो तिच्या हाती देऊ!" थोरली भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली. "पाया पडते तुमच्या!"

नाटकं मेली. डॉक्टरला तिच्याकडे बघवेना. रखवालदाराने तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं, तेव्हा कुठे डॉक्टरच्या जिवाला बरं वाटलं. सिस्टरांना तिने लगेच सुट्टी दिली. "आजींना घेऊन घरी जा. आज त्यांना तुमची गरज आहे."

"तुमचे उपकार कसे फेडू, मॅडम," सिस्टर म्हणाल्या.

त्या निघाल्या आणि डॉक्टरच्या लक्षात आलं, गोळ्यांची पुडी टेबलावरच राहिली. ती घेऊन डॉक्टर लगबगीने त्यांच्यामागे गेली. सिस्टर वळणावरून खुर्ची ढकलत चालल्या होत्या. दोघींची पाठ डॉक्टरकडे. हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात म्हातारीचा बारीक आवाज आला.

"तू शिकवलंस तस्संच बोलले ना गं मी? मग आज घरी गेल्यावर नाही ना मारणार?"