चिमटा

१९९५चा मार्च. शिफ्टला सायकलवरून निघालेला दिनानाथ वडखळ नाक्यावर ट्रकखाली गेला, त्याला आठवडा झाला होता. भेटायला येणाऱ्या बायका त्याच्या आईला, धोंडुबाईंना, गळ्याशी धरून रडत होत्या. त्याची बायको अनिता मात्र अजून रडली नव्हती. भिंतीला टेकून बसायची, कुणी ताट पुढे ठेवलं की दोन घास खायची. “रडून घे गो,” बायका सांगायच्या. ती मान हलवायची.

त्या दुपारी चार वर्षांची प्रतीक्षा बालवाडीतून आली आणि तिने आईच्या दंडाला करकचून चिमटा काढला. नखं उमटली. अनिताने नुसतं तिच्याकडे पाहिलं. पोरीने दुसरा चिमटा काढला, आधीपेक्षा जोरात.

धोंडुबाईंनी तिचा हात धरला. “आईला का छळतंस गो? तिला काय कमी त्रास झालाय?”

“बाईंनी सांगितलंय, कुणी रडलं की त्याला घट्ट मिठी मारायची. मग त्याला बरं वाटतं.”

“मग मार की मिठी. चिमटे कसले काढतंस?”



“आजी, ती रडतच नाय.”