माशाचं पित्त

“महेंदर, पित्त सांभाळ रे,” गोजाबाई पडवीतून म्हणाली, आणि महेंद्र सरांचं पित्त खवळलं.

ते मागच्या दारी पाटावर बसले होते. पुढ्यात विळी, हातात बारवी धरणातला दीड किलोचा रोहू. वय बावन्न. मुरबाडच्या शाळेत मराठी शिकवायला लागून सव्वीस वर्षं झालेली. आणि आई अजून राग आवरायला सांगते, तेही शेजारीण ऐकत असताना. आज तर ते सकाळपासून तोंडाला कुलूप लावून बसले होते.

आज इंद्रजीत येणार होता. धाकटा भाऊ, तीन वर्षांनी. त्याला सरांनीच शिकवलं होतं, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. शिकून तो कंपनीत लागला आणि त्यानं वाशिंदला फ्लॅट घेतला, तोही दादाला न विचारता. गृहप्रवेशाला पन्नास माणसं जेवत होती. सर उभे राहिले आणि म्हणाले, हा खाल्ल्या मिठाला जागला नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. त्यानंतर इंद्रजीत या घराची पायरी चढला नव्हता. आता आईनं बोलावलं म्हणून येत होता. आईनं बजावलं होतं, या खेपेला बिनसलं तर तो परत यायचा नाही.

चूक आपली होती हे सरांना त्याच दिवशी, परतीच्या जीपमध्येच कळलं होतं. अडचण एवढीच, की मिठाचे अकरा वाक्प्रचार पाठ असलेल्या या माणसाला माफीचा एक येत नव्हता. सकाळी त्यांनी वहीच्या कागदावर चार ओळी लिहून पाहिल्या. तिसऱ्या ओळीत ‘जखमेवर मीठ’ आलं, चौथीत ‘दुधात मिठाचा खडा’, आणि वाचून पाहिलं तर माफीचं पुन्हा आरोपपत्र झालेलं. कागद चुलीत गेला. मग त्यांनी ठरवलं, बोलायचंच नाही. आपल्या हातानं मासा साफ करून भावाला घालायचा. बायको, रश्मी, म्हणाली, तुम्ही जन्मात कधी मासा साफ केलाय का? सर म्हणाले, त्यात काय एवढं.

आईवरचा राग बोटांत उतरला. सरांनी माशाच्या पोटात हात घातला आणि एका हिसक्यात सगळं बाहेर ओढलं. आत काहीतरी फुटलं. हिरवं पाणी मांसावर पसरलं.

“मी माशाचं सांगत व्हते,” गोजाबाई म्हणाली.

पित्त खवळणे, पित्त उठणे, सगळं सर फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांकडून वाक्यांत उपयोग करून घ्यायचे. पित्त माशालाही असतं आणि ते अलगद काढावं लागतं, नाहीतर मासा कडू होतो, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. आधी आईनं आणि मग बायकोनं साफ केलेला मासा त्यांनी आयुष्यभर नावं ठेवत खाल्ला होता.

रश्मीनं तुकड्यांना मीठ चोळलं, त्या धुतल्या, पुन्हा धुतल्या. तिची पाठ वळताच सरांनी गुपचूप आणखी एक मूठ चोळली आणि ती धुवायचं विसरले. रश्मीनं कालवणात नेहमीचं मीठ घातलंच. शेवटी चव बघून ती म्हणाली, कडू तर कडू, वर खारट, हे फेकू या, अंडी आहेत घरात. पण तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

इंद्रजीत पाहुण्यासारखा बसला. एसटीच्या टाइमाचं बोलला, धरणाच्या पाण्याचं बोलला, दादाकडे बघितलं नाही. ताटं वाढली गेली. त्यानं पहिला घास घेतला आणि त्याचा जबडा मध्येच थांबला. सरांना ताट ओढून घ्यावंसं वाटलं. इंद्रजीतनं घास गिळला. मग दुसरा घेतला.

गोजाबाईनं एक तुकडा तोंडात घातला आणि मोठ्या लेकाकडे बघितलं. आता रश्मीवर ढकलता आलं असतं, मासेवाल्यावर तर सहजच. सर्वांत सोपं म्हणजे एखादा वाक्प्रचार फेकता आला असता. पण सरांना एकही वाक्प्रचार आठवत नव्हता.

“कडू झालंय. माझ्या हातनं पित्त फुटलं रे,” ते म्हणाले. “तुझ्या घरी पण माझंच फुटलं व्हतं.”

इंद्रजीतनं ताटातलं उरलेलं कालवण भातात कालवलं, शेवटच्या शितापर्यंत खाल्लं आणि ताट दादापुढे सरकवलं.

“मीठ बरोबर हाय, दादा. अजून एक तुकडी वाढ.”