या महिन्याचे आशीर्वाद

परदेशी सेवेला आलेले चर्चचे पाळक मायदेशातल्या मंडळ्यांना दर महिन्याचं प्रार्थनापत्र टाईप करत होते.

"दवाखान्याला नळ आला. रविवारची शाळा भरगच्च भरते. आणखी काय आशीर्वाद लिहू गं?"

"लेकीचं लिहा की," पाळकीणबाई म्हणाल्या.

"काय डोंबल लिहू? तीन आठवडे फोन उचलला नाही तिनं."

"लिहा, हॉस्टेलात छान रमली. आता फोनवर रडत नाही."

ईमेल यादीतल्या दोनशे जणांना गेलं. घरची खबर कळावी म्हणून लेकीलाही त्याच यादीत घातलेलं होतं.

पहिलं उत्तर तिचंच आलं.

"आदरणीय पाळकसाहेब, पत्र वाचून आनंद झाला. तुमच्या मुलीसाठी रोज प्रार्थना करते."