कुचकामी पट्टा

आयुष्यभर घड्याळांत डोकं घालून घड्याळजींची मान अशी धरली, की 'नाही' म्हणायलाही हलेना. थेरपिस्ट बाईंनी गळ्यात पट्टा बांधला. मान झुकली की तो केकाटे. किती झुकली ते मोबाइलवर दिसे. ते बघायला मान घातली खाली, की पट्टा पुन्हा केकाटे.

तिसऱ्या दिवशी, महिनाभर अबोला धरलेल्या बायकोने मोबाइल हिसकावला आणि समोर खुर्ची टाकली. "आकडे मी वाचते. तुम्ही माझ्याकडे बघा. तेवढं तरी जमेल?"

दीड महिन्याने बाईंनी विचारलं, "पट्टा वापरायला सोपा आहे ना?"

"छे! कुचकामी. एकट्याला वापरताच येत नाही."

"मग परत घेऊ?"

घड्याळजींनी घाईघाईने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, पार खांद्यापर्यंत.