पाचवा दिवस

"हा ब्लड कॅन्सरचा दुर्मीळ प्रकार, पण वेळेत आणली असती तर औषधांनी बरा होणारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मेंदूत रक्तस्राव झालाय. अंगावरून इतकं जात असताना चार दिवस घरी का ठेवलीत?"

तेरा वर्षांच्या लेकीची पाळी समजून वनितानेच तिला पडवीत बाजूला बसवलं होतं, ताट लांबूनच सरकवलं होतं. पोरीच्या दंडांवरचे निळे डाग उंबऱ्यातून दिसलेच नव्हते.

डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "जवळ बसा तिच्या. फार वेळ नाही आता."

वनिताने खाटेशी जाऊन हात पुढे केला, तशी अर्धवट शुद्धीतल्या पोरीने आपला हात चादरीखाली ओढून घेतला.

"नको शिवू, आई," ती पुटपुटली. "अजून थांबलं नाही."